माझं दुसरं वाचन

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार
दिवाळी आटोपली. फराळाचा डबा आजच तळाला लागला. संकल्प: रोज चाळीस पानं. कितीही काम असो, चाळीस म्हणजे चाळीस.
शनिवारची बैठक माझ्या ओसरीवर भरते आणि कादंबरीच्या बाबतीत अंबापेठेत शेवटचा शब्द माझा असतो. तो शेवटचा शब्द देण्यापुरतं तरी वाचायला हवं. आजवर मी प्रस्तावना, पहिलं प्रकरण आणि शेवटची दहा पानं वाचत आलो. जाणकाराला तेवढं पुरतं. मधली पानं वाचकांसाठी असतात.

१८ नोव्हेंबर
पान ७. कोर्टात काम नव्हतं, तरी थकवा आला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बैठक छान झाली. कमलाकांत आणि तारावहिनी आले. तो कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे कल्पनाशक्ती कमी. वहिनींबरोबर त्यांच्या शाळेतल्या शिक्षिका चारुशीला याही शनिवारी आल्या. दिवाळीआधी दोनदा आल्या होत्या. वसंता अकोल्याहून आला, येताना शेंदूरजन्याची संत्री घेऊन. मूळचा बाळापूरचा, घरची शेती, हा अकोल्याला कापसाच्या एका जिनात मॅनेजर. गाडीनं बडनेऱ्याला उतरून, पुन्हा गाडी बदलून येतो आणि संत्री सोलत नुसता ऐकत बसतो. साहित्याची भूक आहे, पण बोलायला जमत नाही. मी त्याला सांभाळून घेतो.
कमलाकांतनं मध्येच विचारलं की 'कोरांटीची सावली' वाचली का. मिरजेकडच्या कोणी बाई आहेत, पहिलीच कादंबरी, पुण्यात फार बोललं जातं. मी सहज म्हटलं, माझं दुसरं वाचन चालू आहे.
 तारावहिनींना ठसका लागला, त्या पाणी प्यायला आत गेल्या त्या बऱ्याच वेळानं आल्या. मी पुढं सांगितलं की पहिल्या वाचनात कोरांटी हाती लागत नाही, काटेच लागतात. चारुशीला माझ्याकडे बघतच राहिल्या. इम्प्रेशन पडलं.

२४ नोव्हेंबर
वाचनालयात गेलो. कारकून म्हणतो असं पुस्तक आलेलंच नाही, नावही ऐकलं नाही. मराठी वाचनालयाची ही अवस्था. त्याला चांगलं सुनावलं. बिचारा मागवून घेतो म्हणाला.

२९ नोव्हेंबर, शनिवार
पुस्तक मिळालं नाही, पण अडलं नाही. माझं एक टेक्निक आहे. आधी दुसऱ्याला प्लॉट सांगायला लावायचा, आपण डोळे मिटून मान हलवायची. परीक्षा घेतल्यासारखं दिसतं.
कमलाकांतनं सांगितलं. एक लहान शहर. कुमुद नावाची शिक्षिका, बाप निवृत्त हेडमास्तर. तिच्यावर दोघांचा जीव. एक बॅरिस्टर, तो सारखा बोलतो. दुसरा माधव, तो काहीच बोलत नाही. बॅरिस्टर घरी लोक जमवतो आणि न वाचलेल्या पुस्तकांवर व्याख्यानं देतो, अशी भर तारावहिनींनी घातली. चारुशीला हसू दाबत होत्या.
मी स्पष्ट सांगितलं की कादंबरीत कच्चं पात्र कुठलं असेल तर तो बॅरिस्टर. इतका गाढव माणूस सुशिक्षितांत असत नाही. लेखिकेनं माणसं पाहिलेली नाहीत. वसंताच्या हातातली फोड खाली पडली. चर्चेत रंगला होता.

३ डिसेंबर
चाळीस पानांचा संकल्प बदलला. दर्जा महत्त्वाचा. रोज दहा.

६ डिसेंबर, शनिवार
आज नवल झालं. वसंता बोलला.
त्याला बोलतं करायला मीच विचारलं होतं की माधवबद्दल तुझं मत काय. बराच वेळ तो सालीचे तुकडे करत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "मी म्हणतो चिंतामणराव, त्या माधवनं बोलावं का नाही बोलावं? तो कुणब्याचा पोरगा. ती बामणाघरची शिकलेली. त्यानं विचारलं आन् ती हसली, त मंग त्यानं कुठी जावं?"
मिरजेच्या बाईंनी माधव कुणबी केला आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. सांगितलं की तो विचारतो. अठराव्या प्रकरणात.
वसंतानं विचारलं, "आन् ती काय म्हणते?"
मी आठवल्यासारखं करत होतो तेवढ्यात चारुशीला बोलल्या. आवाज अगदी बारीक. "ती म्हणते, मी केव्हाची वाट बघते आहे."
मी लगेच दुरुस्ती केली की मूळ शब्द थोडे वेगळे आहेत, मात्र आशय बरोबर आहे.   कमलाकांत वसंताकडे, मग चारुशीलेकडे बघत होता आणि त्याचा नेहमीचा मिस्कीलपणा कुठं गेला होता कोण जाणे. तारावहिनींनी उगाच कप गोळा केले. माझ्या बैठकीत इतकी शांतता प्रथमच. चर्चेची उंची वाढते आहे.

७ डिसेंबर, रविवार
एक गोष्ट स्वतःशी मान्य करायला हरकत नाही. चारुशीला मला आवडतात. आणि त्यांनाही मी. पुरावे: दर शनिवारी न चुकता येतात. मी बोलतो तेव्हा खाली बघतात. ओसरी सोडताना वळून बघतात (वसंता माझ्या शेजारीच बसतो, त्यालाही हे दिसलं असणार). वय सव्वीस, माझं छत्तीस. शोभेल.
गोदाआत्याला हिंट दिली. आत्या भातकुलीची, विधवा झाल्यापासून माझं घर बघते. तिला सूचकपणा कळत नाही. म्हणाली, "तुले त्या पोरीशी लगन करायचं असन त तिले विचार ना बाबा. पुस्तकाले काय विचारून राहिला?"
मी सांगितलं की सुसंस्कृत माणसं आधी मनं जुळवतात. आत्या म्हणाली मंग जुळव, आणि वाटाणे सोलायला बसली.

१३ डिसेंबर, शनिवार
निघताना अंधार पडत होता. तारावहिनींना बाजारात जायचं होतं. चारुशीलेला एकटं कसं पाठवायचं म्हणून मी वसंताला सांगितलं, स्टेशनला जाता जाता यांना घरी सोड. तिचं घर कॅम्पात, स्टेशनच्या वाटेवर नाही. पण तो भोळा आहे, एका शब्दानं उठला. असा मित्र हवा.

१५ डिसेंबर
वसंताची गाडी शनिवारी चुकली म्हणे. कमलाकांतकडे राहिला.

२० डिसेंबर, शनिवार
वसंता आता बराच बोलतो. आज माधव आणि कुमुद वडाळीच्या तलावावर जातात ते प्रकरण त्यानं सांगितलं. पाणी, बगळे, तिच्या छत्रीची मोडलेली काडी. इतकं तपशीलवार की मी विचारलं, पुस्तक तुला कुठं मिळालं. तो गोंधळला. कमलाकांत म्हणाला, त्यानं माझीच प्रत नेली. मिरजेच्या बाईंना आमची वडाळी कशी माहीत, हाही प्रश्न मला पडला, पण लेखक हिंडतात.
मग चारुशीलेनं विचारलं की कुमुदच्या वडिलांचं काय. ते ऐकतील असं वाटतं का.
मी म्हटलं, ते पात्र ठीक आहे. वरून कडक, पण अशा बापाला दोन खरी वाक्यं पुरतात.
"पण ती त्यांना सांगणार कोण?" असं तिनं विचारलं. थट्टेत नव्हे. तिची बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत होती.
मी म्हटलं, बॅरिस्टर. दुसरं कोण? कादंबरीत त्याचा तेवढाच उपयोग आहे.
कमलाकांत उठून ओसरीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पाठ हलत होती. त्याचा खोकला जुना आहे, औषध घेत नाही.

४ जानेवारी १९५९, रविवार
नवीन वर्ष. संकल्प: या महिन्यात चारुशीलेला विचारायचं. वाचनाचा संकल्प तूर्त स्थगित, एका वेळी एकच.

७ जानेवारी
आज विचारणार होतो. कोट इस्त्रीला.

९ जानेवारी
कोट आला. सर्दी झाली. नाक चोंदलेलं असताना अशा गोष्टी करू नयेत.

११ जानेवारी, रविवार
वसंतानं सगळ्यांना बाळापूरला शेतावर हुरड्याला नेलं. मी सर्दीमुळे मफलर गुंडाळून खाटेवर बसलो आणि ग्रामीण जीवनाचं कादंबरीतलं चित्रण यावर बोललो. ऐकायला कमलाकांत होता, पण तो झोपला.
वसंताची आई कौशल्याबाई चारुशीलेला सोडेचनात. तिला विहीर दाखवली, गाय दाखवली, स्वतःच्या हातानं कणसं चोळून दाणे दिले. तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. चारुशीला शहरातली, तरी जमिनीवर मांडी घालून बसली. कुठल्याही घरात रमणारी मुलगी आहे.
निघताना त्या माऊलीनं मला बाजूला घेतलं. "तुमी वकील ना? मंग तिच्या बापाशी तुमीच बोला. आमच्याच्यानं नाही होत ते."
मी चकित. माझ्या मनातलं एका अशिक्षित बाईला कळलं आणि आत्याला कळत नाही. मी शब्द दिला.
आता माघार नाही. थेट तिच्या वडिलांना, वामनरावांना भेटायचं. मुलीला विचारण्यापेक्षा ते सोपंही आहे.

१८ जानेवारी, रविवार, संध्याकाळी पाच
 नीट क्रमानं लिहितो.
चारुशीलेचे वडील वामनराव निवृत्त हेडमास्तर. दार त्यांनीच उघडलं. मी हवापाण्यापासून सुरुवात करणार होतो, पण तेच म्हणाले की चारूनं सगळं सांगितलं आहे, तुम्ही येणार हेही. माझे कान तापले. म्हणजे तिनं स्वतः.
ते म्हणाले, माणूस चांगला आहे याबद्दल वाद नाही. पण जातीचं काय करायचं?
ते कऱ्हाडे, आम्ही देशस्थ. एकोणीसशे एकोणसाठ साली एक शिकलेला माणूस एवढ्यावर अडतो याचा मला संताप आला. आणि मग मी बोललो. कोर्टात मला असं कधी बोलता आलेलं नाही. तिथं न्यायाधीश घड्याळ बघतात, इथं बघणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, वर्गभर मुलींना ती दिवसभर शहाणं करते आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं काय करायचं ते दुसऱ्याला विचारते. मी म्हटलं, लोक चार महिने बोलतील, पाचव्या महिन्यात त्यांना दुसरं कोणी सापडेल. शेवटी म्हणालो, "तुम्ही नाही म्हणालात तर ती ऐकेल. रोज तुम्हाला चहा आणून देईल. पण कप ठेवताना तुमच्याकडे बघणार नाही. तेवढं तुम्हाला जन्मभर पुरेल का?"
हे वाक्य मी ठरवून नेलेलं नव्हतं. कुठून आलं माहीत नाही.
वामनरावांनी चष्मा काढून धोतरानं पुसला, परत घातला, परत काढला. मग विचारलं, "त्या माणसाची हमी तुम्ही घेता?"
मी म्हणालो, "त्याला माझ्याइतकं कोण ओळखतं?"
"मग माझी ना नाही."
त्यांनी माझा हात धरला. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. मी तिकडे पाहिलं नाही, सभ्यता म्हणून.

१९ जानेवारी
आत्याला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "पोरीनं तुले हो म्हटलं? सोताच्या तोंडानं?" मी म्हटलं, वडिलांनी म्हटलं. आत्या उठून आत गेली. देवाला साखर मात्र ठेवली नाही.
नवीन कोट शिवायला टाकला.

२४ जानेवारी, शनिवार
भारावलेली बैठक. चारुशीला आल्या त्या सरळ माझ्या पाया पडल्या. डोळ्यांत पाणी. लग्नाआधी ही पद्धत नाही, पण भावनेच्या भरात चालतं. पाठोपाठ वसंताही पाया पडला. त्याचं समजू शकतो, खेड्यातला आहे.
कमलाकांत माझा हात घट्ट धरून म्हणाला, चिंतामण, मी तुला ओळखलंच नव्हतं रे. मी म्हटलं, सगळ्यांनाच वेळ लागतो. तारावहिनी म्हणाल्या, इतकं मोठं मन मी कादंबरीतही वाचलं नाही. कादंबरीवर बोलणं मात्र झालं नाही. चारुशीला आणि वसंता दोघंही ओसरीच्या पायरीवर बसून होते. आनंद माझा आणि बावरलेला तो, असा मित्र.

२५ जानेवारी, रविवार, सकाळी
वामनराव स्वतः घरी आले. पेढे आणले. आत्यानं चहा केला. मी शिंप्याकडे नवा कोट अंगावर घालून बघायला निघालो होतो, तो बेत रद्द केला.
वामनराव म्हणाले, आता मुलाच्या आईला भेटायला हवं. तुम्ही बरोबर असाल तर धीर येईल.
मी हळूच आठवण दिली की माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली.
ते माझ्याकडे काळजीनं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमची नाही हो. वसंतरावांची. बाळापूरला."
चहा गरम होता. पुढचं आठवत नाही. आपण कधी जायचं असं ते विचारत होते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ.

२५ जानेवारी, संध्याकाळी
काही नाही.

२६ जानेवारी
कोर्टाला सुट्टी. कमलाकांतकडे गेलो. त्याला खडसावणार होतो. दार उघडताच तोच बोलत सुटला. म्हणाला, एक कबूल करायचं आहे, रागावू नकोस. 'कोरांटीची सावली' नावाचं पुस्तकच नाही. तुझी फिरकी घ्यायची म्हणून नाव काढलं, आणि तू दुसरं वाचन म्हणालास. मग आम्हाला थांबवेना. वसंता त्यात खरंच बोलायला लागला तेव्हा मलाच भीती वाटली. पण तू तर सगळं ओळखून त्याच्यासाठी वामनरावांकडे गेलास. तुझंही मन तिच्यावर होतं हे काय मला कळत नव्हतं?
मी खिडकीतून बाहेर बघत होतो. समोरच्या घरी कोणी गालिचा झटकत होतं.
मी म्हटलं, पुस्तक नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.
कमलाकांत माझ्याकडे बघत राहिला. विश्वास बसला असावा. नसला तरी त्यानं तसं दाखवलं नाही. तारावहिनींनी शिरा केला होता. दोनदा घेतला.

२७ जानेवारी
आत्याला सांगितलं. वाटलं होतं बोलेल. ती म्हणाली, "असू दे. चांगलं काम झालं तुह्या हातून, कसंका होईना." मग बराच वेळ चुलीशीच बसून होती.

१ फेब्रुवारी, रविवार
बाळापूरला गेलो, चारुशीलाही बरोबर. वामनराव वाटभर कडक होते. कौशल्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.  मग वामनरावांनी त्यांच्या हातची भाकरी मागून घेतली. पंक्तीला आम्ही सगळे एकत्र बसलो. वसंताच्या हातातून भाजीची वाटी सांडली. चारुशीलेनं पुसून घेतली आणि दोघं हसले. मी पाहिलं. मी समोरच बसलो होतो.

१० फेब्रुवारी
अंबापेठेत बोभाटा. शेजारचे महादेवराव नमस्कार घेत नाहीत. कोर्टाच्या बाररूममध्ये एक जण सर्वांदेखत म्हणाला की ब्राह्मणाची मुलगी कुणब्याला देणारा हा कोण. मी म्हटलं, मीच.  बरं वाटलं. सुधारकाला हे सोसावंच लागतं. मी मुळापासून सुधारकच आहे, याची जाणीव उशिरा झाली इतकंच.
तिघांसमोर हीच गोष्ट सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना मी वसंताला आधीच सुचवलं होतं असंही आलं.

७ मार्च, शनिवार
नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. साक्षीदार म्हणून पहिली सही माझी. नवा कोट घालून गेलो. काखेत घट्ट आहे.
बाहेर आल्यावर चारुशीला माझ्याजवळ आली. बाकीचे पुढं गेले होते. म्हणाली, "चिंतामणराव, बाबांना तुम्ही चहाचं जे म्हणालात ना, ते मी दाराआड ऐकलं. ते तुम्ही कोणासाठी म्हणालात, मला कळलं होतं." मग थांबली. "तरी तुमचे उपकार विसरणार नाही."
मी म्हटलं, छे, त्यात काय.
तिला कळलं होतं. म्हणजे त्या दिवसापासून.

१४ मार्च, शनिवार
बैठक नाही. चारुशीलेला अकोल्याच्या शाळेत जागा मिळाली, आता मंडळी तिकडेच जमणार. कमलाकांत आणि तारावहिनी दुपारी मला न्यायला आले. मी नाही म्हटलं. सांगितलं की लिहायला घेतलं आहे. 'कोरांटीची सावली' कोणी लिहिली नाही, मग मीच लिहितो. प्लॉट तयार आहे, माणसं ओळखीची आहेत. पावसाळ्यापर्यंत हातावेगळी करतो. रोज चार पानं.
कमलाकांत उत्साहानं हो म्हणाला. मी कागद पुढं ओढला आणि विचारलं की शेवट तुम्ही काय ठरवला होता. तो म्हणाला, लग्न होतं, अकोल्याला घर मांडतात, ती तिथं शिकवते.
मी विचारलं, "आणि बॅरिस्टरचं पुढे काय होतं?"
कमलाकांतनं तारावहिनींकडे बघितलं. त्यांनी त्याच्याकडे.
"त्याचं काही ठरवलं नव्हतं रे," तो म्हणाला. "बापाशी बोलला, तिथं त्याचं काम संपलं. पुढं तो गोष्टीत येतच नाही."
मग गाडीची वेळ झाली म्हणून ते दोघं गेले. आत्यानं विचारलं, "पिठलं झालं. वाढू का?" म्हटलं, वाढ.